न पाहिलेला कोपरा

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. निळ्या शाईतलं, दोन पानी, नीटनेटक्या अक्षरातलं. अकरा महिने ते माझ्याच पुस्तकात, बेचाळिसाव्या पानाशी पडून होतं.

पुस्तक म्हणजे जुन्या घरांच्या लाकडी जाळ्यांची मी काढलेली चित्रं. जन्मभर ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तकं लावली, निवृत्तीनंतर एखादं आपलंही असावं, एवढाच हट्ट. बऱ्याचशा प्रती अजून माझ्या पलंगाखाली आहेत.

पत्र एका अनोळखी बाईंचं होतं. त्यांचं घर पाडलं गेलं होतं आणि आईची नजर गेली होती. बेचाळिसाव्या पानावरची जाळी त्यांच्याच खिडकीची. तिच्यावरून त्या आईसाठी शाल विणत होत्या. आईने शाल चाचपली आणि म्हणाली, डावा कोपरा चुकला. तिथे एक भोक मोठं होतं, हात जाईल एवढं. लग्न नवं असताना नवरा घरी आला की त्यातून ती किल्ली खाली टाकायची. पुढे बाहेरून दुकानाच्या पाटीचा पत्रा आला, आतून कपाट आलं. मुलांनी तो कोपरा कधी पाहिलाच नाही.

‘भाऊ म्हणतो, पुस्तकात छापलंय ते काय खोटं? आईचं डोकं चालत नाही आता. तिने काहीही सांगितलं की तो हेच म्हणतो. हल्ली ती बोलतच नाही. तुम्ही तो कोपरा स्वतः पाहिला होता का?’

नव्हता पाहिला. पत्र्याआड होता. दार वाजवून आत जायला हवं होतं. दोन दुपारी समोर नुसता उभा राहिलो. दुसऱ्या दुपारी जाळीमागून एका बाईंनी विचारलं, “कोण हवंय?” मी म्हणालो, “कोणी नाही, घर चुकलो,” आणि चालू लागलो. घरी येऊन उजव्या कोपऱ्यावरून डावा काढला.

काल सुनेने स्वेटरसाठी नमुना शोधायला पुस्तक उघडलं आणि पत्र तिच्या हाती लागलं.

“अप्पा, हे काय?”

“उत्तर लिहायचं राहिलंय.”

“अकरा महिने?”

“तीन मसुदे केलेत.”

“बघू.”

लोकरीचा गुंडा काखेत धरून तिने उभ्याउभ्याच तिन्ही वाचले. “पहिल्यात ऊन डोळ्यांवर येत होतं. दुसऱ्यात छापखान्याची चूक. तिसऱ्यात तर तुम्ही दुसरं पुस्तकच लिहिलंय.”

“थोडी पार्श्वभूमी द्यावी म्हटलं.”

“त्यांनी हो की नाही एवढंच विचारलंय. तिकडे एक बाई स्वतःच्याच घरात खोटी पडलीय, अप्पा.”

मी तिन्ही मसुदे तिच्या हातून घेतले. मग विचारलं, “असतील का त्यांच्या आई अजून?”

“मला काय माहीत? लिहा.”

लिहिलं. ‘नाही. तो कोपरा मी पाहिला नव्हता, अंदाजाने काढला. आई सांगतात तेच खरं. हे भावाला वाचून दाखवा. आधी आईंना.’ उशिराबद्दल एक वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ते कसंही लिहिलं तरी कमीच पडत होतं.

मग बेचाळिसावं पान फाडलं. पानं फाडणाऱ्या वाचकांना मी चाळीस वर्षं माफ केलं नव्हतं, मनातल्या मनात का होईना. डाव्या कोपऱ्यावर काट मारली, शेजारी ‘हे चूक आहे’ लिहिलं आणि खाली सही केली.

आज सकाळी टपाल कार्यालय उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. खिडकीतल्या बाईंनी पाकीट तोललं.

“साधं की रजिस्टर?”

“लवकर पोचेल ते.”

“घाई आहे?”

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.