सावलीत वाळलेली काठवट

मित्रांनो, स्टीलची परात तुम्हा सगळ्यांना ठाऊक असते. मी तिची थोरली बहीण. लाकडाची, गोल, पोटाशी खोलगट. माझ्यात ज्वारीचं पीठ मळतात आणि माझ्याच अंगावर भाकर थापतात. काठवट म्हणतात मला. दिग्रसच्या एका टिनाच्या घरात, दाराआड, भिंतीला टेकून माझं आयुष्य गेलं. माझ्या पोटात एक चीर आहे. आज त्या चिरेची गोष्ट सांगते.

मी मूळची नाल्याकाठच्या शिवणीच्या झाडातली. वादळात झाड पडलं आणि घनश्याम नावाच्या वाढईने, म्हणजे सुताराने, त्याच्या बुंध्यातून मला कोरून काढलं. मला वाटलं, आता उन्हात ठेवेल, चटकन वाळवेल, बाजारात नेईल. पण त्याने मला भुशात पुरलं आणि सावलीत ठेवून दिलं. कोणी विचारलं की म्हणायचा, "उन्हात ठेवली की तडकली समजा. लाकडाच्या पोटातलं पाणी त्याच्या मर्जीनं जाऊ द्या लागते." एक पावसाळा गेला, एक हिवाळा गेला. मी अंधारात पडून. एकटं राहणं मी तिथंच शिकले. पुढे ते फार उपयोगी पडलं.

भीमराजने मला आठवडी बाजारातून आणलं, आपल्या नव्या नवरीसाठी. तो जिनिंगमध्ये कामाला होता. अंगाला कापसाचे तंतू चिकटलेलेच असत. नवरीचं नाव सत्यशीला. तिचा पहिला हात माझ्या पोटात फिरला तो अजून आठवतो. गरम पाणी, पीठ, आणि तिची ओवी:

काठवट बाई माझी, हाताखाली ती बोलते,
एका चुलीची भाकर, दोन घराले चालते.

दुसरं घर शेजारच्या मैनाबाईचं. त्या दोघींमध्ये एक रीत होती. इकडून वाटीभर भाजी गेली की तिकडून ती वाटी कधी रिकामी यायची नाही. भाकर नाही तर चिमूटभर तीळ, तेही नाही तर दोन हिरव्या मिरच्या. पण रिकामी नाही. सत्यशीलाचा मुलगा संघदीप रांगायला लागला तेव्हा माझ्यात बसून डुलायचा. मी त्याची होडी होते, मित्रांनो. त्या दिवसांत मला वाळायला सवडच नव्हती.

मग भीमराज गेला. संघदीप नोकरीसाठी पुण्याला गेला, तिथंच त्याचा संसार झाला. माझ्यातला पिठाचा डोंगर उतरत उतरत एका मुठीवर आला. सत्यशीला एकटीसाठी भाकरी थापायची आणि एकटीच खायची. ओवी अर्धीच म्हणायची. दुसरी ओळ तोंडातच राहायची. गुडघे दुखायला लागले, अंग जड झालं, उठताना ती माझ्या काठाचा आधार घ्यायची.

या हिवाळ्यात पुण्याहून फोन आला. संघदीपला मुलगी झाली होती! नामकरण जवळ आलं होतं. सत्यशीलाने फोन कानाशी घट्ट धरला.

"मी येतो ना रे बाप्पा, गाडीत बसवून देईन कोणीबी!"

"आई, तिसरा माळा हाये. लिफ्ट नाई. तुह्या गुडघ्यांनं कशी चढशीन? आम्हीच येतो उन्हाळ्यात."

फोन ठेवून ती गुडघे चोळत राहिली. नातीला आणि तिला वेगळं करणारं पुणं नव्हतं, एक जिना होता.

दुसऱ्या दिवशी तिने मोबाईलवर एक बाई पाहिली. चटपटीत बोलणारी. एका आठवड्यात वजन खाली, म्हणे. पहिल्या दिवशी नुसती फळं, मग नुसत्या उकडलेल्या भाज्या, मग केळी आणि दूध. धान्याचा कण नाही. सत्यशीलाने पपई आणली, चूल बंद केली. मग तिची नजर माझ्यावर पडली.

"तू डोळ्यासमोर असली की भाकरीची याद येते," ती म्हणाली आणि मला उचलून टिनाच्या छपरावर ठेवलं.

मित्रांनो, हिवाळ्याचं असलं तरी आमच्याकडचं ऊन ते ऊनच. दिवसा टिन तापायचं, रात्री दंव पडायचं. ज्या उन्हापासून घनश्यामने मला इतकं जपलं, तेच मला मिळालं. खालून ओवी नाही, धूर नाही. मी आभाळाकडे तोंड करून पडून राहिले.

पहिल्याच संध्याकाळी मैनाबाईने वाटीभर अंबाडीची भाजी पाठवली होती. सत्यशीलाने ती झाकून ठेवली. सकाळी भाजी गाईला घातली, वाटी धुतली. तिच्यात घालायला घरात काही नव्हतं. काही शिजलंच नव्हतं. पपईची फोड घालावी, तर ती दिवसभराची मोजून ठेवलेली. तिने वाटी रिकामीच मैनाबाईच्या दाराशी ठेवून दिली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मैनाबाई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मी छपरावर पडल्या पडल्या तिचा आवाज ऐकला.

"काय व सत्यशीला, माह्या भाजीत मीठ नोतं का इख होतं? रिकामी वाटी कायले पाठोली?"

तिने कडी वाजवली.

"बोलशीन का नाई? एवढा ताठा कुठून आला वं?"

 मग मैनाबाईने दार ढकललं आणि किंचाळली. सत्यशीला चुलीशी आडवी पडली होती. डोळे उघडे, पण ओठ पांढरे. मैनाबाईने गूळपाणी पाजलं, तळवे चोळले, रिक्षा बोलावून दवाखान्यात नेलं. त्याच वेळी, कोणाच्या ध्यानातही नसताना, छपरावर माझ्या पोटातून बारीक आवाज आला. मी तडकले.

नामकरणाला सत्यशीला गेली नाही. फोनवर तिने नातीचं नाव ऐकलं. साधना. पदर तोंडाला लावून ऐकलं.

बरं वाटल्यावर तिने मला खाली उतरवलं. चीर पाहिली आणि तिच्यावर बोट फिरवत राहिली. "हे मी काय केलं व," ती म्हणाली. मैनाबाई दारातच उभी होती.

"तिले उनात ठेवलं, सोताले उपाशी ठेवलं. दोघीबी तडकल्या!"

"हसू नको, मैनाबाई. मले त्या जिन्यावर चढाचं हाये."

"मंग चढ ना! पण भाकर काहून सोडतं? डॉक्टर काय म्हणे? हळू उतरवा म्हणे. त्या मोबाईलवालीची पपई चालू ठेव. उकडलेल्या भाजीत लसूण टाक, मिरची टाक. दोन भाकरी खातं, तर एक खा. चहातली साखर मले देऊन टाक."

"तुले बरी साखर!"

"मी कुठं पुण्याले चाल्ली?"

दोघी हसल्या. त्या घरात किती दिवसांनी हसू आलं होतं!

सत्यशीलाने माझ्या चिरेत मेण भरलं, तेल चोळलं, मला सावलीत ठेवलं. मग त्या परक्या आहाराला तिने आपल्या घरच्यासारखं वळण लावलं. एकच भाकर, पण रोज. चवळीची भाजी भरपूर, तेल बेताचं. दिवस मावळायच्या आत जेवण, आणि तेही मैनाबाईच्या ओट्यावर, कारण एकटीने खाल्लं की एकतर जास्त खाल्लं जातं नाही तर काहीच नाही. सकाळी बुद्धविहाराच्या गच्चीचा जिना. आधी निम्मा, कठडा धरून. खालून मैनाबाई ओरडायची, "बस कर व, आज तिथूनच पुणं पाह्य!" वजन सावकाश उतरलं, माझ्या पोटातल्या पाण्यासारखं, त्याच्या मर्जीनं.

होळी झाली आणि एका सकाळी ती न थांबता गच्चीवर पोचली.

ती पुण्याला गेली त्याला आता बरेच दिवस झाले. जाताना तिने मला मैनाबाईच्या घरी नेलं.

"हे ठेव. घरात एकटी राहिली तर वाळून जाईन."

मैनाबाईने माझ्यात डोकावून पाहिलं. माझ्यात ज्वारीचं पीठ होतं, वर दोन हिरव्या मिरच्या.

मैनाबाई मला रोज वापरत नाही. तिची परात आहे. मी तिच्या दाराआड उभी असते आणि त्या हातांची आठवण काढते. ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी फोन वाजला होता. पलीकडून आधी नुसता धापांचा आवाज आला, मग सत्यशीलाचा:

"मैनाबाई... चढली व मी."

मागे एक बाळ रडत होतं.  मैनाबाईने डोळे पुसले आणि भाकर थापायला परात सोडून मला पुढे ओढलं.

मित्रांनो, ती कधी परतेल मला माहीत नाही. माझी एवढीच विनवणी आहे: लाकूड असो की माणूस, त्याला घाईने उन्हात वाळवू नका. आणि शेजारची वाटी आली, तर ती रिकामी परत पाठवू नका. सत्यशीला मला न्यायला येईल, तेव्हा मैनाबाई माझ्यात काय घालून देईल, याचाच विचार करत मी दाराआड उभी आहे.