रमजानच्या तोंडावरचं घर

शबे-बरातीचा हलवा अजून डब्यात होता, तोवर दस्तगीरनं घराचा विषय काढलाच.

"बोरगाव रस्त्याच्या प्लॉटवर आता बांधायचंच," तो म्हणाला. "सैपाकघर तुज्या मनासारखं. उगवतीला मोठी खिडकी."

त्याच्या बायकोनं, बिल्कीसनं, मान हलवली. पण मनात पाल चुकचुकली. निपाणीत भाड्याच्या दोन खोल्यांत तिचा सगळा संसार झाला होता, आणि ही खिडकी तिनं गेल्या सालीही ऐकली होती. त्याच्या आदल्या सालीही. दर खेपेला रमजान तोंडावर आला की या माणसाला घराची हौस यायची, आणि ईदचा शिरखुर्मा संपतोय न संपतोय तोवर दलाल मारुतीराव गिऱ्हाईक घेऊन दारात हजर! भाव जुळायचा नाही, म्हणून प्लॉट तेवढा राहिला होता.

रमजानात गोरगरिबांसाठी काढायच्या जकातीचा नियम तिला ठाऊक होता. विकायला घेतलेल्या जागेवर दरसाल जकात द्यायची. राहायला घेतलेल्या जागेवर नाही. सगळं माणसाच्या मनातल्या इराद्यावर. आणि इरादा काय, कुणाला दिसतो थोडाच!

तरी तिला स्वतःचीच लाज वाटायची. हाच दस्तगीर चपलांच्या दुकानातला माल जोडन्‌जोड मोजून जकात काढायचा. अख्खी गल्ली त्याला देवमाणूस म्हणायची. अशा नवऱ्याबद्दल असलं काही मनात आणायचं म्हणजे पापच की. खिडकी मात्र तिला मनापासून हवी होती.

पुढच्या आठवड्यात तो दुपारच्या नमाजाला गेला असताना मारुतीराव आले. या खेपेला ईदच्याही आधी.

"वैनी, बेळगावची पार्टी हाय. लई चांगला भाव देत्यात. पर आजच व्हय म्हनाय पायजे."

"प्लॉट विकायचा न्हाय," ती म्हणाली. "आमी घर बांधतोय. ह्यांनीच सांगितलंय."

मारुतीराव हिरमुसून गेले.

दस्तगीर परतला तसं तिनं सगळं सांगितलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. 'बरं केलंस' एवढंच त्यानं म्हणावं, बाकी तिला काही नको होतं.

"आगं, काय केलंस ह्ये!" तो ओरडला. "विकायलाच घेतलाय त्यो! पैल्या दिवसापास्नं!"

काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानात आलं. डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगाळत बसला.

"मग आजवरची त्याची सगळी जकात द्या," बिल्कीस म्हणाली.

त्यानं खालमानेनं होकार दिला. तो देणार, यात तिला शंका नव्हती. चारचौघांत मान असलेला माणूस, आता पै न पै चुकती करणार. तिचा संशय खरा ठरला होता. जीव मात्र तिळतिळ तुटत होता, कारण इतकी वर्षं तो संशय खोटा ठरावा म्हणूनच ती दुवा मागत आली होती.

ओढणीनं डोळे पुसत ती म्हणाली, "आज तरी खोटं बोलायचं व्हतं की वो."