केझायाचं कापलेलं पान

मी चर्चची वही आहे. जॉर्जियातल्या एका ओढ्याकाठच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये दर महिन्याला पंचांची सभा भरायची, तिचं इतिवृत्त माझ्यात लिहिलं जायचं. मला हात लावताना लोक आवाज खाली आणतात, जणू मी पवित्र आहे. मला मात्र माझीच किळस येते. का येते, ते आज सांगून टाकते.

१८४९ साली मी त्या चर्चमध्ये आले. पाठीला वासराचं कातडं, आत जाड कागद, पुठ्ठ्याला खळीचा वास. माझा लेखनिक होझिया टिबेट. त्याच्या गालात कायम तंबाखू. लिहिताना लाळ गळली की बाहीनं पुसायचा. ते तपकिरी डाग अजून माझ्या अंगावर आहेत. अक्षर मात्र देखणं. कोण दारू प्यालं, कोण नाचलं, कोणी शेजाऱ्याचं डुक्कर पळवलं, सगळं त्याच वळणदार अक्षरात. गोरे सभासद खाली बाकांवर बसत, त्यांचे गुलाम वर माळ्यावर. नावं दोघांचीही माझ्यात आहेत. फक्त गुलामांना आडनाव नाही, तिथं मालकाचं नाव.

पंचांमधले सगळ्यांत वजनदार म्हणजे ॲबनर क्रेनशॉ. १८५६च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तक्रार मांडली. आपली गुलाम केझाया नवरा असताना आयझम नावाच्या माणसाबरोबर राहते, हा व्यभिचार आहे, तिला चर्चमधून काढावं.

केझायाला माळ्यावरून खाली बोलावलं. ती अनवाणी आली आणि माझ्यापासून दोन हातांवर उभी राहिली.

"तुझा नवरा जुबाल हयात आहे ना?" क्रेनशॉंनी विचारलं.

"मालक, तीन वर्षांपूर्वी तुम्हीच त्याला मिसिसिपीच्या व्यापाऱ्याला विकलंत," ती म्हणाली. "तो आहे की गेला, ते तुम्हीच सांगा. मला कुठून कळणार?"

बाकांवरचे हातपंखे थांबले. मग पाळकांनी मत मागितलं आणि एकूण एक हात वर गेला. सर्वांत आधी क्रेनशॉंचा. टिबेटनं तिचा प्रश्नही लिहून घेतला. दया आली म्हणून नव्हे. जे बोललं जाईल ते लिहायची त्याला सवयच होती. खाली 'प्रार्थनेनंतर सभा संपली' असं लिहून त्यानं समोरचं पान कोरं सोडलं आणि मला मिटलं. ती शाई माझ्यात मुरत गेली. उलटी करून टाकता आली असती तर मी केली असती.

पुढं युद्ध झालं, गुलामगिरी संपली, माळ्यावरची माणसं आपलं वेगळं चर्च बांधायला निघून गेली. मी एका पेटाऱ्यात पडले. झुरळांनी खळ खाल्ली. शंभरावर वर्षांनी कुणीतरी मला गावच्या ग्रंथालयात आणून दिलं.

तिथं वंशावळी शोधणारे येतात. बोटाला थुंकी लावून पानं उलटतात. प्रत्येकाला पूर्वजांत एक कर्नल हवा असतो. डुक्करचोर निघाला की मला पटकन मिटून ठेवतात.

त्यांतल्याच मर्टिसबाई क्रेनशॉ. आपल्या घराण्यावर जाडजूड पुस्तक लिहीत होत्या. ॲबनरवर अख्खं प्रकरण होतं, 'दयाळू मालक' नावाचं. एप्रिलमधल्या एका दुपारी त्यांना केझायाचं पान सापडलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. ग्रंथपाल टॅली जेवायला गेले होते. बाईंनी पर्समधून भरतकामाची बारीक कात्री काढली आणि शिवणीलगत ते पान कापून घेतलं. घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि वर ओठांना लाली लावली.

दुसऱ्याच आठवड्यात मेकनहून वर्डेल हॉब्सन आली. निवृत्त नर्स, काळी, सत्तरीला टेकलेली. तिच्या घरात एकच नाव उतरत आलं होतं: केझाया, क्रेनशॉंची. ती तिची पणजी. आजोबांचा बाप कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं. एकेक पान उलटत ती त्या कापलेल्या कडेपाशी थांबली.

"टॅलीसाहेब, इथलं पान कुठं गेलं?"

"उंदीर असतील," मर्टिसबाई शेजारच्या टेबलावरून म्हणाल्या.

"उंदीर इतकं सरळ कापत नाहीत, बाई. माझा जन्म शस्त्रक्रियेच्या खोलीत गेलाय."

मग तिनं समोरचं कोरं पान उजेडात तिरकं धरलं. इतकी वर्षं दमट हवेत मिटून राहिल्यानं त्या शाईचा तपकिरी ठसा त्यावर उमटला होता, उलटा.

"बाई, लहानसा आरसा आहे का तुमच्याकडं?"

विषय बदलला म्हणून मर्टिसबाईंना बरंच वाटलं असावं. त्यांनी पावडरची डबी पुढं केली. वर्डेलनं तिचा आरसा पानाशी धरला आणि हळूहळू वाचायला लागली. तक्रार, क्रेनशॉ, केझाया.

"आयझम," ती म्हणाली. "पणजोबांचं नाव आयझम."

"माझी डबी द्या," मर्टिसबाई म्हणाल्या.

"थांबा. दोन ओळी राहिल्यात." आणि केझायाचा प्रश्न तिनं मोठ्यानं वाचला.

टॅलींनी चष्मा काढला. "मर्टिसबाई, जरा पर्स उघडता का?"

"माझ्या आजोबांनी दिलेल्या जागेवर उभं आहे हे ग्रंथालय," बाई म्हणाल्या आणि डबी तशीच टाकून निघून गेल्या.

ते पान परत आलं नाही. त्यांचं पुस्तक मात्र आलं, आणि 'दयाळू मालक' त्यात जसंच्या तसं आहे. ते माझ्याच कपाटात ठेवलंय. त्याच्या कोऱ्या कागदाच्या वासानं मला मळमळतं. वर्डेल अजून मिसिसिपीतल्या दप्तरखान्यांना पत्रं लिहिते, जुबालचं पुढं काय झालं ते शोधायला. तो तिच्या रक्ताचा नव्हे, तरी.

येत्या रविवारी चर्चचा वर्धापनदिन आहे. मला काचेच्या पेटीत लेसवर ठेवणार आहेत, देणगीदारांच्या नावांचं पान उघडून. तिथं फुलं वाहतील. एवढं करू नका. मला उघडायचंच असेल तर त्या कापलेल्या कडेपाशी उघडा, आणि शेजारी एक आरसा ठेवा.