हेरल्डचा जोर

हेमावतीने गाडीचं दार हळूच उघडलं, कडेवरच्या गिरिजाला शेजारच्या सीटवर बसवलं आणि वाकून ड्रायव्हरच्या पायाखालची काथ्याची चटई उचलली. जुन्या रबरी चपलांच्या दोन टाचा तिने सकाळीच कापून, एकावर एक ठेवून जाड दोऱ्याने बांधल्या होत्या. त्या तिने अ‍ॅक्सिलरेटरच्या बरोबर खाली सरकवल्या, घसरू नयेत म्हणून दोऱ्याची टोकं सीटच्या पायाला बांधली, वर चटई नीट पसरली आणि हाताने पॅडल दाबून पाहिलं. अर्ध्याच्या जरा पुढे जाऊन ते थांबलं.

घरातल्या शिलाई मशीनच्या पॅडलखाली ती रोज असाच एक ठोकळा घालायची. दोन वर्षांच्या पोरीने खेळताखेळता पॅडल हलवून बोटं चेमटून घेऊ नयेत म्हणून. तिथलं सुचलेलं इथेही चाललं. गिरिजाला उचलून ती जिना चढली तेव्हा तिच्या हातांना रबराचा वास येत होता. तिने ते दोनदा साबणाने धुतले.

गाडी घरी येऊन महिना झाला होता. हिरवी, दोन दारांची हेरल्ड, बार्शीच्या एका डॉक्टरांनी वापरलेली. कल्लप्पा गिरणीच्या रंगखात्यात होता. संध्याकाळी घरी यायचा तो मनगटापर्यंत निळे-तांबडे हात घेऊन आणि तोंड मिटून. लग्नाला चार वर्षं झाली तरी हा माणूस गाणं गुणगुणतो हे हेमावतीला माहीत नव्हतं. हेरल्डच्या स्टिअरिंगपाशी बसल्यावर पहिल्यांदा कळलं.

पहिल्याच रविवारी ते त्याच्या आईला भेटायला अक्कलकोटला निघाले. कुंभारीच्या पुढे काटा साठ मैलांवर गेला आणि बाभळीच्या आडून बैलगाडी रस्त्यावर आली. कल्लप्पाने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण मांडीवरच्या गिरिजाचं कपाळ समोर आपटलं. सुपारीएवढं टेंगूळ आलं. काही झालं नाही, काही झालं नाही, असं तो अक्कलकोटपर्यंत म्हणत राहिला. घरी पोहोचल्यावर मात्र आईला त्याने गाडी जागच्या जागी कशी थांबली तेच रंगवून सांगितलं. हेमावती आत लेकीच्या कपाळावर हळद लावत ते ऐकत होती.

तिने सांगून पाहिलं होतं. हळू म्हटलं की तो हळू घ्यायचा, पुढच्या मैलाच्या दगडापर्यंत. मग गाणं सुरू व्हायचं आणि पाय आपोआप खाली जायचा. त्याचं गाणं बंद करायचं तिच्या जिवावर आलं. म्हणून चपलांच्या टाचा.

खालच्या मजल्यावर मानसिंग राहायचा. कल्लप्पाच्या शाळेतला सोबती, शेती वळसंगला, आणि दारात जुनीच पण ठणठणीत फियाट. रविवारी सकाळी अंगणात दोन्ही गाड्यांची बॉनेटं उघडी पडायची आणि दोघांचं सुरू व्हायचं.

"तुझं बॉनेट उघडलं की निम्मी गाडीच पुढं झुकते," मानसिंग म्हणायचा. "उरलेल्या निम्मीत बसून पळणार किती?"

"वळते तरी. तुझी या गल्लीत वळवायची म्हणजे चार घरची माणसं बाहेर येतात की."

फियाटचा गियर स्टिअरिंगला टांगलेला, हेरल्डचा हाताखाली. फियाट भरभक्कम, हेरल्ड हलकी आणि चपळ. दुपारी दोघंही अक्कलकोट रोडने निघायचे, एक शेताकडे, एक आईकडे, आणि सकाळचा वाद रस्त्यावर निकालात निघायचा. आतापर्यंत निकाल हेरल्डच्या बाजूने असायचा. टाचा घातल्यापासून कुंभारी आलं की फियाट हॉर्न वाजवत पुढे जाऊ लागली.

कल्लप्पाने प्लग बदलले. कार्ब्युरेटर खोलून पेट्रोलने धुतला, पॉइंट घासले. शेवटी खाजाभाई मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी बॉनेटखाली हात घालून अ‍ॅक्सिलरेटरची दांडी ओढली, तशी इंजिनाने गल्ली दणाणून सोडली.

"साहेब, हितं तर वाघ हाय," ते म्हणाले. "रस्त्यावर जाऊन मांजर कशी होती?"

हेमावती चहा घेऊन आली होती. कप ठेवून ती वर आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, खाजाभाईंचा कप ट्रेमध्ये तसाच राहिला होता.

पुढचे काही आठवडे तिला जड गेले. जेवताना कल्लप्पाचा उजवा पाय पाटाशेजारी फरशीवर दाबला जायचा, सुटायचा, पुन्हा दाबला जायचा. गाडीत बसल्यावर तो इंजिनाचा आवाज ऐकत राही. गुणगुणणं थांबलं होतं. ज्या गाण्यासाठी तिने बोलायचं सोडून टाचा घातल्या तेच हातचं गेलं होतं. रोज दुपारी वाटायचं, जाऊन काढून टाकावं. रोज गिरिजाच्या कपाळाकडे नजर जायची. तिथे आता काही दिसत नव्हतं, तरीही.

एका रविवारी खाजाभाई स्वतः गाडी घेऊन होटगी नाक्यापर्यंत फिरून आले. हेमावती गॅलरीत धुणं वाळत घालत होती. खाली दोघं पुरुष ड्रायव्हरच्या दारातून आत वाकलेले तिला दिसले. बराच वेळ वाकलेले. ओलं लुगडं तिच्या हातातच राहिलं, पायावर पाणी ठिबकत राहिलं. पण कल्लप्पा वर आला तो नेहमीसारखाच. जुनी गाडी म्हटल्यावर चालायचंच, एवढं म्हणाला आणि एखाद्या फाटक्या चादरीचा तुकडा मागितला. हात पुसायला हवा असेल, म्हणून तिने गिरिजाच्या पहिल्या चादरीचा लाल-हिरवा काठ काढून दिला.

त्यानंतर त्याने कार्ब्युरेटर खोलला नाही. रविवारी गाडी धुवायचा, पुसायचा, चाकांत हवा बघायचा. मानसिंगने टोमणा मारला की तोही हसायचा. या माणसाने हार मानली, हेमावतीला वाटलं. तो चिडत होता तेच बरं होतं.

मग मानसिंगने गिऱ्हाईक आणलं. कापडवाले वीरभद्रप्पा, गावातल्या गावात फिरायला गाडी शोधत होते. त्यांना ही बैलगाडी शोभेल, मानसिंग म्हणाला. कल्लप्पा 'बघू की' म्हणाला. शनिवारी संध्याकाळी ते येणार असं ठरलं.

शनिवारी दुपारी हेमावती कात्री घेऊन खाली उतरली. गाडी गेली तर गाणं कायमचं गेलं. त्यापेक्षा आपला जीव मुठीत धरून बसू, तिने ठरवलं होतं. गिरिजाला शेजारच्या सीटवर बसवलं आणि चटई उचलली.

टाचा तिथे नव्हत्या.

त्यांच्या जागी सागवानी लाकडाचा एक ठोकळा होता. कडा कानशीने गोल केलेल्या. दोन स्क्रूंनी तो तळाला पक्का बसवला होता, स्क्रूची डोकी लाकडात बुडवलेली. पॅडल वर आपटून आवाज होऊ नये म्हणून कापडाचा तुकडा चिकटवला होता. लाल-हिरवा काठ.

हेमावतीने हाताने पॅडल दाबलं. ते पूर्वी थांबायचं तिथेच थांबलं.

गिरिजा सीटवरून घसरत खाली आली आणि त्या तुकड्यावर तिने तळवा ठेवला.

"माझी," ती म्हणाली.

"हो, तुझीच," हेमावती म्हणाली. तिने चटई पसरली, कोपरे दाबून बसवले आणि कात्री पदराखाली घेऊन वर आली.

संध्याकाळी वीरभद्रप्पा आले. कल्लप्पाने त्यांना आपल्याच गाडीचे इतके दोष सांगितले की ते चहासुद्धा अर्धा टाकून उठले. मानसिंग कपाळावर हात मारत राहिला. हेमावतीने गॅलरीतून सगळं पाहिलं आणि पोळ्यांची कणीक मळायला आत गेली.

रविवारी दुपारी कुंभारीपाशी फियाट मागून आली. हॉर्न वाजला, खिडकीतून मानसिंगचा हात हलला आणि धुळीत दिसेनासा झाला. पुढे रस्ता सरळ होता. बाभळीच्या आडोशाला कुणी नव्हतं. गिरिजा मांडीवर झोपली होती.

"थोडी जोरात घेतली तरी चालेल," हेमावती म्हणाली.

कल्लप्पाने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग झोपलेल्या पोरीकडे, आणि पुन्हा रस्त्याकडे. त्याचा पाय होता तिथेच राहिला.

"हिचा जोर एवढाच आहे गं," तो म्हणाला.

वळसंग यायच्या आत तो गुणगुणायला लागला.