दोन ठिपक्यांचं तबक

ताईच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. उन्हाळा लागायच्या आधी आलेलं ते पत्र पावसाळा तोंडावर आला तरी टेबलावरच होतं. विसरलो होतो म्हणावं, तर रोज सकाळी चष्मा चाचपडताना आधी तेच हाताला लागायचं.

पत्र लहानसं होतं. "पुस्तक्यास आशीर्वाद. माझी समई आता मोडीत घालावी म्हणते. तेल गळतं, वाकडी आहे ती वाकडीच. ओतारी ती वितळवून नातवंडांना लहान दिवे करून देणार आहे. तुझी हरकत असेल तर तसं लिही. तुझी सरळ आहे, तुला काय म्हणा."

त्या शेवटच्या वाक्यापाशी माझी गाडी अडायची.

आमचे अप्पा पितळेचे दिवे ओतायचे. घराच्या मागच्या खोलीत भट्टी, मातीचे साचे आणि दिवे कातून गुळगुळीत करायचा, पायानं फिरवायचा चरक. घडवलेला प्रत्येक दिवा कुणा ना कुणाच्या देवासमोर जायचा. स्वतःच्या घरासाठी त्यांनी एकदाच काय ती समयांची जोडी केली. अप्पा गेल्यावर जोडीतली एक ताईकडे गेली, एक माझ्याकडे आली. ताईची एकीकडे कलली. चांगली लेकाला आणि डावी लेकीला, हे अप्पांनी आधीच ठरवून ठेवलं असणार, असं तिनं तेव्हाच मनात धरलं.

तिला तसं वाटावं याला कारण होतं. माझ्या हातून सांडशी सुटायची, साचे फुटायचे, म्हणून मला शाळेत ठेवलं. ताईचा हात चांगला, म्हणून तिला शाळेतून काढून भट्टीपाशी बसवलं. "पुस्तकं तुला, राख मला," असं ती चारचौघांत हसून म्हणायची. चारचौघे हसायचे आणि मग विषय बदलायचे. पुढे मी एका वाचनालयात पुस्तकं लावत आयुष्य काढलं. त्याचा कुणाला काही उपयोग झाला की नाही, मला अजून सांगता येणार नाही.

आता खरी गोष्ट अशी, की माझी समईही वाकडीच होती. पहिल्या दिवसापासून. वरचं तबक खिडकीकडे कललेलं. तेल त्या बाजूला जमायचं आणि काठावरून ठिबकायचं, पलीकडची वात कोरडी पडून आधी विझायची. गाडीतून आणताना मीच ती कुठेतरी आपटली असणार, अशी माझी खात्री होती. माझे हात मला माहीत होते. ताईला सांगायचं म्हणजे अप्पांची चांगली समई मी एका प्रवासात वाया घालवली हे सांगायचं. त्यापेक्षा तिला आहे ते वाटू दे, असं मी ठरवलं. ठरवलं म्हणण्यापेक्षा, तसंच होत गेलं.

उत्तर लिहायला मी बसत नव्हतो असं नाही. एक मसुदा पितळ या धातूपासून सुरू झाला. दुसरा वारसा या विषयावर गेला. तिसरा बायकोनं पाठीमागून वाचला.

"अहो, हे ताईंना पाठवणार?"

"का? बरं नाही?"

"बरं आहे की. पण त्यांनी विचारलंय, वितळवू का. तुम्ही सांगताय, माणूस आगीला कधी भेटला."

मी कागद उलटा ठेवला.

मग भाच्याचा फोन आला. ताईला आता ऐकू येत नाही. ती शेजारी बसून त्याला बोलायला सांगते आणि मध्येमध्ये स्वतः ओरडते.

"मामा, आईनं ते पितळ काढून ठेवलंय. या आठवड्यात ओताऱ्याकडे नेतो. तुमचं काही म्हणणं आहे का, विचारतेय."

"थोडं थांब म्हणावं तिला."

"मामा थांब म्हणताहेत!" तो ओरडला. मागून ताईचा आवाज आला, तसाच खणखणीत. "कशाला? त्याची सरळ आहे ना?"

"ताई, अगं, तसं नाही," मी म्हणालो. माझा आवाज मला असाच दगा देतो.

"मामा, मलाच नीट ऐकू येत नाहीये, तिला काय येणार! ती म्हणते, लेखी दे. लिहायला येतं ना तुला, म्हणते. पुडकं नाहीतर पत्र, काहीतरी आलं तर थांबेन."

"तिची गळते कुठून, बघितलंस का कधी?"

"सांध्यातून. आईनं तिथे लाख भरलीय, माझ्या लहानपणीच. त्यामुळे ती उघडतच नाही. तशीच्या तशी भट्टीत जाईल."

फोन ठेवला आणि मी देवाच्या फळीसमोर जाऊन उभा राहिलो. आमच्या समईच्या सांध्यालाही बायकोनं सुताचे वेढे दिले होते. तेही कधी सोडले नव्हते. बाहेरून पुसायची, वात घालायची, खाली गळक्या तेलासाठी बशी ठेवायची, असंच चाललेलं.

"मी ही उघडून बघू का?" मी विचारलं.

"तुम्ही?" बायको म्हणाली. मग म्हणाली, "बघा. आणखी किती वाकडी होणार आहे!"

सूत काळं आणि चिकट झालं होतं, सुरीनं कापावं लागलं. तबक फिरता फिरेना. बायकोनं खांब पोटाशी धरला, मी तबक फडक्यात गुंडाळून जोर लावला, आणि ते एकदम सुटलं. शेंड्यावरचं बोंडही काढलं. बैठक आणि खांबही वेगळे केले. सगळे भाग ओट्यावर मांडून राखेनं घासायला बसलो. हे काम मला बरं जमलं, हे इथे नोंदवायला हरकत नसावी.

घासता घासता तबकाच्या पोटात, खांबावर फिरवून बसवायच्या आट्याच्या शेजारी, दोन ठिपके दिसले. बोंडाच्या आतही दोन. बैठकीला मात्र एकच. खांबालाही एक. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

मग कानात आवाज आला तो अप्पांचा नाही, ताईचा. परकर गुडघ्यात खोचून ती भट्टीपाशी बसलेली, मांडीत समईचा खांब. अप्पा टोच्यावर हातोडी मारताहेत आणि ती मोजतेय. "हिचा एक. हिचा एक." आणि मग, "आता दुसरीचे दोन, दोन." मी उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसलो होतो. तिच्या आवाजानं माझं वाचनातलं लक्ष उडालं म्हणून मी चिडलो होतो.

अप्पा आटे कानशीनं हातानं पाडायचे. एका समईचा खांब आणि तबक एकमेकांत घालून, काढून, परत घासून, पुरते बसेपर्यंत. दुसरीचं तबक त्यावर चढायचं, पण शेवटच्या वेढ्याला कलायचं. जोडीतले भाग मिसळू नयेत म्हणून ते ठिपके.

आणि वाटणीच्या आदल्या दिवशी आत्यानं दोन्ही समया खोलून एकाच घमेल्यात घासल्या होत्या. आत्या बिचारी कधी भट्टीकडे फिरकली नव्हती. तिच्या लेखी तबक म्हणजे तबक. ताई तेव्हा आतल्या खोलीत पडून होती, रडून ताप आला होता तिला.

"म्हणजे तुम्ही आपटली नव्हती," बायको म्हणाली.

"तसं दिसतंय."

"आणि अप्पांनी त्यांना वाकडी दिली नव्हती."

"पण मी चुकत असेन तर?" मी म्हणालो. "ठिपक्यांचा अर्थ दुसराच असेल? तिच्या समईत सगळीकडे एकसारखेच असतील?"

"कसे असतील? जोडीत समया दोनच ना?"

बरोबर होतं. तरी मी बराच वेळ ठिपके बोटानं चाचपत बसलो. शेवटी तबक आणि बोंड फडक्यात बांधलं.

"आणि आज दिवा कशात लावू?" बायकोनं विचारलं.

"बशीत."

"चालेल. इतकी वर्षं निम्मं तेल तिथेच जात होतं."

पत्र मी ओट्यावरच, उभ्या उभ्या लिहिलं. टेबलापाशी बसलो असतो तर पुन्हा आग आणि माणूस सुरू झालं असतं.

"ताई, माझीही वाकडी आहे. पहिल्या दिवसापासून. माझ्या हातून झाली असं वाटायचं, म्हणून बोललो नाही. आज उघडली. सोबतचं तबक उलटं करून बघ, दोन ठिपके आहेत. माझ्या बैठकीला एक आहे. तुझी लाख काढ आणि बैठकीला किती ते बघ. दोन असले तर हे तबक आणि बोंड तुझं, आणि तुझ्याकडचं मला पाठव. आत्यानं घासताना अदलाबदल केली असावी. अप्पांनी दोन्ही सरळच केल्या होत्या, तू तेव्हा शेजारी होतीस. मी चुकत असलो तर हेही तुझ्या समईबरोबर वितळव. पुस्तक्या."

टपाल कचेरीतल्या कारकुनानं पुडकं हातात तोललं. "काय आहे आत?"

"समईचं तबक."

"नुसतं तबक? बाकीची समई?"

"थोडी माझ्याकडे. थोडी बहिणीकडे."

त्यानं माझ्याकडे बघितलं, वजन केलं, तिकिटं लावली. "परवा मिळेल."

"जरा इकडे देता का? पत्ता बरोबर लिहिलाय का, बघतो."

"काका, तीनदा बघितलात. बरोबर आहे."

त्यानं पुडक्यावर शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं. आत पितळ एकदा वाजलं. माझ्या मागच्या बाईनं पुढे सरकायला सांगितलं, तसा मी बाजूला झालो.