गवताच्या कडेला टाकलेला हातमोजा

मी एक जुना हातमोजा आहे, मित्रांनो, बेसबॉलचा. सध्या हार्लन क्रीक गावातल्या एका स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या खिळ्याला लटकलो आहे. लटकलो कसला, तळमळतो आहे! एका जागी स्वस्थ राहणं मला जन्मात जमलेलं नाही. दार आपटलं की मी हलतो, वारा आला की हलतो, आणि काहीच झालं नाही तर आतल्या आत चडफडतो.

कारखान्यातून आलो तेव्हा मी फळीसारखा ताठ होतो. कॅझ बोझेकने मला विकत घेतलं, तेल चोळलं, पोटात चेंडू ठेवून दोरीने करकचून आवळलं आणि गादीखाली दाबून वर खुशाल झोपला.

"लग्नात मला धड उशी नाही मिळाली, आणि या कातड्याचे काय हे लाड!" त्याची बायको वांडा म्हणाली.

"उशी चेंडू पकडते का?"

वांडाने त्याला उशीच फेकून मारली. ती मात्र त्याने एका हाताने झेलली.

कॅझ आमच्या गावच्या संघात शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखायचा. आमची लीग अगदी खालच्या पायरीवरची. सामने संपले की हिवाळ्यात कॅझला कोळशाच्या खाणीत उतरावं लागे. त्याचे वडील त्याच खाणीच्या धुळीने खोकून खोकून गेले होते. वरच्या लीगने उचललं तरच त्याची त्यातून सुटका होती. सामन्याआधी तो माझ्या तळव्यावर मूठ आपटायचा आणि पुटपुटायचा, "इथून निघायचं, गड्या." मला तर कधी एकदा निघतो असं झालं होतं.

पण माझा अर्धा जन्म गेला गवतात! त्या काळची रीतच तशी होती. आपली फलंदाजी आली की खेळाडू हातमोजे मैदानातच टाकून जायचे. समोरचा संघ आमच्या आजूबाजूला धावायचा, झेल घ्यायचा, आणि आम्ही उताणे पडून आकाश बघायचं. अंगावर मुंग्या चढायच्या. आमच्याच संघातला डच हॉफर जाता जाता माझ्यात बेडूक सोडायचा. कॅझ परत येऊन हात घालायचा, किंचाळायचा, आणि प्रेक्षक पोट धरून हसायचे. समोरच्या संघातला मात्र कोणी आम्हाला शिवायचा नाही. दुसऱ्याच्या हातमोज्याला हात किंवा पाय लावणं म्हणजे अपशकुन, असं सगळेच मानत.

त्यात कॅझचा एक हट्ट. एकदा त्याने मला माती संपून गवत सुरू होतं त्या कडेलाच टाकलं, आणि त्या दिवशी सामना जिंकून दिला. झालं! तेव्हापासून माझी जागा तीच.

"अरे बोझेक, लांब फेक की तो!" मॅनेजर ग्रेडी ओरडायचा. "वाटेत कुत्रं झोपावं तसा पडलाय!"

"तिथंच लाभतो मला तो, साहेब."

त्रेपन्न सालच्या हंगामाचा शेवटचा सामना. वरच्या लीगचा माणूस खेळाडू हेरायला आला होता. वरच्या रांगेत राखाडी हॅट घालून शेंगदाणे खात बसला होता. वांडा त्याच्या मागेच जाऊन बसली. सामना कमी आणि त्या हॅटकडेच जास्त बघत होती बिचारी.

समोरच्या संघाचा शॉर्टस्टॉप होता एमिल रुस्को, काटकुळा आणि चपळ. त्याचा हातमोजा थोरल्या भावाचा, आतलं सगळं झिजून गेलेलं.

"काय रे एमिल," डच ओरडला, "तो हातमोजा आहे का बटाट्याचं रिकामं पोतं?"

"पोतं तर पोतं! तुझे टोले मावतात यात!"

दिवसभर आमची फलंदाजी आली की एमिलचे बूट माझ्याभोवती नाचायचे. मागे सरकताना तो दर वेळी मला वळसा घालून जायचा.

शेवटचा डाव आला. आम्ही एका धावेने मागे होतो, दोन गडी बाद, तिसरा गेला की खेळ खलास, दोघेजण बेसवर, आणि फलंदाजीला कॅझ. एक टोला बसला की सामना आमचा, आणि कदाचित ती हॅटसुद्धा! मी गवतात पडून नुसता जळत होतो. अरे, मला उचला कोणीतरी! एमिलने एकदा माझ्याकडे पाहिलं, पाय जरा पुढे केला, आणि मागे घेतला.

कॅझने चेंडू असा काही हाणला की काय सांगू! एमिलने सूर मारला, चेंडू जमिनीलगत त्याच्या बोटांखालून निसटला आणि सुसाट निघाला. आमचे सगळे उड्या मारायला लागले. आणि तो चेंडू, मित्रांनो, येऊन आदळला तो माझ्यावर. माझ्या अंगठ्यावर आपटून सरळ वर उडाला. एमिलने उठता उठता उघड्या हाताने तो झेलला आणि गुडघ्यावरूनच पहिल्या बेसकडे भिरकावला. चेंडूआधी कॅझचा पाय तिथं पडायला हवा होता, एक श्वास उशीर झाला.

"आउट!" पंच ओरडला.

सगळं मैदान हसायला लागलं. स्वतःच्याच हातमोज्याने बाद! राखाडी हॅटवाला हसला नाही. तो उभा राहून एमिलकडे बघत होता. दिवे लागायच्या आत त्याने एमिलशी हात मिळवलासुद्धा.

कॅझ मला उचलायला आला. आता हा मला नदीत फेकणार, असं मला वाटलं. तेवढ्यात एमिल आला. आनंद लपवू की लाज लपवू, असं त्याला झालं होतं.

"बोझेक, मी सरकवणार होतो त्याला. अगदी पाय उचलला होता."

"मग?"

"दुसऱ्याच्या हातमोज्याला शिवत नाहीत ना."

कॅझने वाकून मला उचललं. मग त्याने माझ्यावरची माती पुसली आणि मला एमिलच्या छातीवर दाबलं.

"घे. ते पोतं घेऊन वर गेलास तर हसतील तुला. आमच्यातलं कोणीतरी जाऊ दे तिथं."

"अरे, पण..."

"घे म्हणतो ना!"

मला वर जायचं होतं, पण असं नाही हो! कॅझचा हात सुटला तेव्हा मला रडू आलं. पोटात त्याच्या बोटांचे खड्डे होते, त्यांत दुसरीच बोटं शिरली.

मोठी मैदानं पाहिली, झगमगते दिवे पाहिले. आणि गंमत बघा, पुढच्याच हंगामात नियम निघाला, हातमोजे मैदानात टाकायचे नाहीत, बरोबर न्यायचे. एकदा एमिलने कॅझ आणि वांडाला सामन्याला बोलावलं. डाव संपल्यावर धावत परतताना त्याने मला त्यांच्या दिशेने उंच धरलं.

"आता नेतात होय उचलून!" कॅझ एवढ्या मोठ्याने म्हणाला की आजूबाजूचे हसले. वांडा हसली नाही. तिने त्याचा हात घट्ट धरला.

एमिलचा खेळ थांबला तेव्हा त्याने मला स्वतः आणून कॅझच्या हातात दिलं. तेव्हापासून मी या खिळ्याला आहे. दोऱ्या सुटल्यात, कातडं भेगाळलंय, तेलाचा थेंब नाही. मित्रांनो, तुमच्या घरी असाच कोणी लटकत असेल तर त्याला खाली काढा. हात घाला त्याच्यात, खेळायला न्या. आणि खेळून झालं की बरोबर घरी आणा.

संध्याकाळी दार आपटतं. कॅझ खाणीतून येतो, खोकतो, हात धुतो. चुलीशी जाताना माझ्यावर एक मूठ आपटतो, पूर्वीसारखीच. मी कान देऊन त्या 'इथून निघायचं, गड्या'ची वाट बघतो. तो काहीच म्हणत नाही, जेवायला बसतो.