आवाज बंद करून

नुसत्या आवाजावर माणूस किती लांब जातं, ते हॅलोबाईंकडे बघून कळायचं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डवर त्यांनी अख्खी नोकरी काढली. घाबऱ्याघुबऱ्या फोन करणाऱ्याला त्या असा काही धीर द्यायच्या, की पलीकडचा माणूस अर्धा तिथेच बरा व्हायचा. चेहऱ्यावरची माशी मात्र हलायची नाही. हलवायची कोणासाठी? फोनवर चेहरा दिसतो थोडाच! निवृत्त झाल्या तरी शेजारीपाजारी त्यांना हॅलोबाईच म्हणत, आणि बाईंनाही ते आवडायचं.

आणि नशीब बघा. एकुलत्या एका नातीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

नात सहा वर्षांची. लेकीजवळ, दूरच्या शहरात राहायची. मागच्या सुट्टीत आली तेव्हा हॅलोबाईंनी तिला न्हाऊ घातलं, भरवलं, पांघरूण घातलं, कशात कसूर केली नाही. पण पोर लांबच राहिली. दाराच्या चौकटीला धरून आजीकडे बघत राहायची आणि बाईंनी मान वर केली की आत पळायची. परत जाताना तर टाटासुद्धा न करता गाडीत बसली. ते बाईंच्या जिव्हारी लागलं. पुढच्या सुट्टीतही असंच झालं तर ही मुलगी आपल्याला कायमची परकी होणार, हे त्यांना स्वच्छ कळत होतं.

लेकीने मग त्यांना मोबाइलवर एका ग्रुपमध्ये घातलं. खुणांची भाषा शिकणाऱ्यांचा ग्रुप. त्यात मुलांच्या आया होत्या, शिक्षक होते, स्वतः ऐकू न येणारेही होते. दर आठवड्याला प्रत्येकाने आपला छोटासा व्हिडिओ टाकायचा आणि बाकीच्यांनी त्यातल्या चुका सुधारायच्या, असा रिवाज.

पाऊल टाकलं आणि बाईंनी घोळ घातला. लोकांच्या नावांपुढे हिरवे ठिपके दिसत होते. आता जिचा जन्म बोर्डसमोर गेला, तिला दिवा लागलेला दिसला की कोणीतरी लाइनवर ताटकळतंय असंच वाटणार ना! बाईंनी चष्मा चढवला आणि एकेका ठिपक्याला लिहायला घेतलं, ‘नमस्कार, बोला, काय मदत करू?’ दुपारपर्यंत निम्मा ग्रुप उरकला. बरेचजण गप्प बसले, एकाने त्यांना ब्लॉक केलं, आणि एका गृहस्थांनी आपल्या गुडघेदुखीची साद्यंत हकिगत पाठवली. संध्याकाळी लेकीने फोनवर कपाळाला हात लावला. ते लोक नुसते ऑनलाइन आहेत, आई, तुला कोणी हाक मारलेली नाही, असं तिने समजावलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण एक उत्तर सरळ आलं होतं. ‘मदत नको, ताई, गप्पा चालतील.’ लिहिणारी एक बेकरीवाली होती. तिलाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि ग्रुपमधल्या नवख्यांना तीच सांभाळून घ्यायची.

बाईंचे हात मूळचेच चपळ. खुणा भराभर बसत गेल्या. व्हिडिओखाली अंगठे पडायला लागले तशा बाई हरभऱ्याच्या झाडावर चढल्या. मग एकदा त्यांनी ‘तुझी आठवण येते’ हे वाक्य करून टाकलं, आणि खाली बेकरीवालीने लिहिलं, ‘हात छान, ताई. पण तुम्ही आमच्यावर रागावलात का? आमच्यात निम्मं बोलणं चेहऱ्यावर असतं. भुवया उचलल्या नाहीत तर प्रश्नसुद्धा प्रश्न राहत नाही.’

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उभ्या आयुष्यात कोणी त्यांना रागीट म्हटलं नव्हतं. उलट हॉस्पिटलात आभाराचे पेढे यायचे. चार लोकांत असं बोलायचं? त्यांनी मोबाइल कपाटात ठेवून दिला आणि या फंदात पुन्हा पडायचं नाही म्हणून कानाला खडा लावला.

खडा टिकला दोन दिवस. मग राहवेना. त्यांनी तोच व्हिडिओ लावला. खुणा करताना त्या तोंडाने बोलतही होत्या, आणि बोलणं कसं मधासारखं. यात राग कुठे आला? मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी आवाज बंद केला आणि पुन्हा बघितलं.

पडद्यावर एक बाई होती. कपाळ ताठ, गाल ताठ, डोळे दगडासारखे. हात हलवून कोणाला तरी दटावत होती.

‘अगं बाई,’ हॅलोबाई स्वतःशीच म्हणाल्या, ‘पोरीला हीच दिसत होती.’

त्या खुर्चीत बसून खूप रडल्या. मग तोंड धुतलं आणि बेकरीवालीला लिहिलं, ‘चुकले. शिकवा.’

दुपारी भट्टी थंड झाली की बेकरीवाली व्हिडिओवर यायची. पहिला धडा अजबच होता. हात मांड्यांखाली दाबून बसायचं आणि दिवसभरात काय झालं ते नुसत्या चेहऱ्याने सांगायचं. बाईंची दूध उतू गेल्याची गोष्ट बघून बेकरीवाली पिठाच्या हातांनी डोळे पुसेपर्यंत हसली. या वयात आरशासमोर तोंडं वेडावणं सोपं नव्हतं. गाल दुखायचे, लाज वाटायची. पण बाई चिवट. हळूहळू ग्रुपमधल्या इतर नवख्याही त्या दुपारच्या बैठकीत यायला लागल्या, एकमेकींना हसता हसता शिकायला लागल्या, आणि कोणाची जोडी कोणाशी जमेल हे बाईच ठरवायला लागल्या.

सुट्टी लागली. लेक बॅगा उतरवत होती आणि नात दाराच्या चौकटीला धरून उभी होती. हॅलोबाई जमिनीवर बसल्या, भुवया उचलल्या आणि हातांनी विचारलं, ‘भूक लागली?’

नात बघत राहिली. मग दोन पावलं पुढे आली आणि भुवया उंचावून सावकाश खुणा केल्या, बाईंना कळतील अशा.

‘आजी, तुझा राग गेला?’

म्हणजे वर्षभर हे लेकरू असं समजून बसलं होतं. ‘मी रागावले नव्हते,’ बाईंनी घाईने सांगितलं. पुढचं सांगायचं होतं ते मोठं होतं, आणि त्याची खूण त्यांना येत नव्हती. हात मध्येच थांबले. मग त्यांनी ते खाली ठेवले आणि चेहऱ्याला काय सांगायचं ते सांगू दिलं. तुझ्याशी कसं बोलायचं ते मला येत नव्हतं, बाळा. माझी बोबडी वळली होती.

पोरीने ते सगळं निरखून बघितलं. जवळ येऊन तिने आजीचे दोन्ही हात धरले, छातीपाशी नेले, बोटं हवी तशी वळवली आणि थरथरवून दाखवली. घाबरणं असं करतात. आजीने केलं. चुकलं. नातीने मान हलवून पुन्हा करायला लावलं, आणि जमलं तेव्हा तिने स्वतःही तीच खूण केली, मग बोट आपल्या छातीवर टेकवलं.

‘मी पण.’

आणि ती आजीच्या मांडीवर येऊन बसली.